मनगटावरचा वैद्य किती भरवशाचा?

चेन्नईच्या मैलापूर भागात नागेश्वरराव पार्क नावाची जुनी बाग आहे. पहाट झाली की तेथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. कोणी झपाझप चालत असते, कोणी गप्पा मारत रमतगमत. गेल्या काही वर्षांत या मंडळींच्या हालचालींत एका नव्या सवयीची भर पडली आहे. फेरी संपली की मनगट वर करायचे, घड्याळावर बोट टेकवायचे आणि सोबत्याला विचारायचे, "तुमचे किती झाले?" हा प्रश्न वयाचा किंवा पगाराचा नसतो, पावलांचा असतो. पुण्याच्या सारसबागेत आणि मुंबईच्या शिवाजी पार्कवरही तो आता ऐकू येतो.

एके काळी घड्याळ फक्त वेळ सांगत असे. आताचे स्मार्टवॉच किती पावले चाललात, हृदयाचे ठोके किती पडले, रात्री झोप किती लागली, रक्तात प्राणवायू किती आहे, इतकेच काय मनावर ताण किती आहे, हेही सांगण्याचा दावा करते. दीड-दोन हजार रुपयांपासून ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत अशी घड्याळे मिळतात. मुलाला पहिला पगार मिळाला की आईवडिलांना साडी-धोतराऐवजी घड्याळ घेऊन देण्याची पद्धत पडू लागली आहे. भेट प्रेमाची असते. पण त्या घड्याळाच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या नाही, हे मात्र भेटीबरोबर कोणी सांगत नाही.

गरज खरी आहे

या घड्याळांमागे केवळ हौस आहे असे म्हणता येणार नाही. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर देशभर मोठी पाहणी केली. तिचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांना उच्च रक्तदाब आहे.

याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील लोकांच्या शारीरिक हालचालींची चौकशी झाली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या माहितीनुसार निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. थोडक्यात, महाराष्ट्र काय आणि तामिळनाडू काय, बसून राहण्याचा रोग दोन्हीकडे सारखाच. अशा वेळी "उठा, चाला" असे दिवसातून चार वेळा सांगणारे कोणी मनगटावर असेल, तर ते वाईट कसे म्हणावे?

घड्याळ पाहते तरी काय?

घड्याळ उलटे करून पाहिले तर मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील रक्त क्षणभर वाढते आणि प्रकाश अधिक शोषला जातो. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात तो कमी शोषला जातो. परत येणाऱ्या प्रकाशातील हा चढउतार मोजून घड्याळ ठोक्यांचा आकडा काढते. पावलांसाठी आत हालचाल टिपणारा एक बारीक भाग असतो.

म्हणजे घड्याळ प्रत्यक्ष दोनच गोष्टी पाहते, परत आलेला प्रकाश आणि हाताची हालचाल. महागड्या घड्याळांत याखेरीज हृदयाची विद्युत नोंद घेण्याची सोय असते. बाकीचे सारे, म्हणजे झोप, ताण, जळालेले उष्मांक, हे या नोंदींवरून बांधलेले अंदाज असतात. घड्याळाचे गुणदोष समजून घ्यायचे तर ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. जे मोजले आहे ते बऱ्यापैकी खरे आणि जे ताडले आहे ते सांभाळून घ्यायचे.

जमेच्या बाजू

पहिली जमेची बाजू म्हणजे ठोके. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० जणांच्या मनगटावर सात प्रकारची उपकरणे बांधून त्यांची परीक्षा घेतली. सातपैकी सहा उपकरणांची ठोके मोजण्यातील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. शांत बसलेले असताना किंवा एका लयीत चालताना घड्याळ जे ठोके दाखवते, ते घरगुती उपयोगासाठी पुरेसे असतात.

दुसरी बाजू चालण्याची. दहा हजार पावलांचा मंत्र कोणत्याही वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नाव ठेवले 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव चांगले होते, आकडा जगभर रुळला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वृद्ध स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि ७,५०० पावलांच्या पुढे फारसा वाढीव फायदा दिसला नाही. तेव्हा घरातल्या आजींचे पाच हजारच झाले म्हणून त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही.

तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात आठ किलोमीटरचा चालण्याचा मार्ग आखून देण्याची योजना सुरू केली. तिचा प्रारंभ चेन्नईच्या बेझंट नगरमध्ये समुद्राकाठी झाला. त्या मार्गावर चालायला घड्याळ लागत नाही. पण घरून निघायला ज्याला निमित्त लागते, त्याला ते घड्याळ देते.

तिसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. काही जणांच्या हृदयाची लय मधूनमधून बिघडते. त्यांना ते कळतही नाही, पण त्यातून पुढे पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. अॅपल कंपनीच्या मदतीने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४,१९,२९७ लोक सहभागी होते. त्यांपैकी २,१६१ जणांना घड्याळाने "नाडी अनियमित आहे" असा इशारा दिला. त्यानंतर ज्या ४५० जणांनी छातीवर पट्टी लावून रीतसर तपासणी करून घेतली, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये हा दोष सापडला. दोष येतो-जातो, म्हणून बाकीच्यांना तो नव्हताच असेही ठामपणे म्हणता येत नाही. एवढे मात्र खरे, की असा इशारा वारंवार आला तर तो घाबरण्याचा नव्हे, पण डॉक्टरांकडे जाण्याचा विषय आहे.

उष्मांकांचा हिशेब आणि मेदूवडा

आता दुसरी बाजू. स्टॅनफर्डच्या ज्या परीक्षेत घड्याळे ठोक्यांत उत्तीर्ण झाली, त्याच परीक्षेत उष्मांकांच्या विषयात सातही नापास झाली. सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३ टक्के. फिरून आल्यावर घड्याळ तीनशे उष्मांक जळाल्याचे सांगते आणि त्या भरवशावर माणूस कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन मेदूवडे आणि साखर घातलेली फिल्टर कॉफी घेतो. हिशेब तेथेच उलटतो.

वजन घटवण्यासाठी घड्याळ घेणाऱ्यांनी पिट्सबर्ग विद्यापीठाचा २०१६ मधील प्रयोगही ध्यानात ठेवावा. त्यात ४७१ जणांना दोन वर्षे आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. ज्यांना त्यासोबत अंगावर बांधायचे उपकरण दिले त्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले. ज्यांना दिले नाही त्यांचे ५.९ किलोने. उपकरण बांधले म्हणजे काम झाले, असे नाही.

घाम, गोंदण आणि बांगड्या

हिरव्या प्रकाशाच्या काही अडचणी आपल्याकडच्याच आहेत. आपल्या आजींच्या हातावर गोंदण असते. तामिळनाडूतही हाता-दंडावर हिरवे गोंदवून घेण्याची जुनी रीत आहे. गोंदणाची शाई प्रकाश अडवते आणि ठोक्यांचा आकडा चुकतो किंवा दिसतच नाही. पट्टा सैल असला, मनगटाच्या हाडावर घड्याळ टेकले असले, बांगड्या त्याला ढकलत असल्या, तरी तेच होते. त्वचेचा रंग गडद असेल तर प्राणवायूचा आकडा वास्तवापेक्षा जास्त दिसण्याची शक्यता असते. रुग्णालयात बोटाला लावतात त्या यंत्रातही हा दोष असल्याचे २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले. मनगटावर तर प्रकाश आणखी क्षीण परततो. दम लागत असेल आणि घड्याळ ९७ दाखवत असेल, तर दम खरा मानावा.

पावलांचेही तसेच. बाबागाडी किंवा सामानाची ढकलगाडी लोटत चालले की हात हलत नाहीत आणि पावले कमी भरतात. उलट कणीक तिंबताना, कपडे घासताना कधी कधी बसल्या जागी पावले वाढतात.

चेन्नईचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात तेथे 'अग्नी नक्षत्रम'चे कडक दिवस असतात आणि हवा दमट. अशा हवेत अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त काम करावे लागते. जानेवारीत ज्या फेरीला १०५ ठोके पडत, त्याच फेरीला मेमध्ये १२० पडू शकतात. येथे घड्याळाचे मोजमाप चुकलेले नसते, पण "तुमची तंदुरुस्ती घसरली" हा त्याने काढलेला अर्थ चुकू शकतो. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. शिवाय घामाने आणि साबणाने पट्ट्याखाली पुरळ उठते, तेव्हा दिवसातून एकदा घड्याळ काढून मनगट कोरडे करणे बरे.

रक्तदाब आणि साखर

घरोघरी ज्या दोन आकड्यांची सर्वाधिक काळजी असते, तेथेच घड्याळाचा आधार सर्वांत कच्चा आहे. दंडाला पट्टा न आवळता रक्तदाब सांगणाऱ्या घड्याळांचा उपयोग निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी करू नये, असे युरोपातील उच्च रक्तदाबाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले. काही नामांकित घड्याळे रक्तदाब दाखवतात, पण त्यासाठी दर चार आठवड्यांनी दंडाच्या यंत्राशी त्यांचा मेळ घालावा लागतो. म्हणजे दंडाचे यंत्र घरात लागतेच.

साखरेचे तर आणखी स्पष्ट आहे. त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर चिकटवण्याचे जे सेन्सर मिळतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली जातो, आणि काही घड्याळे त्याचा आकडा फक्त दाखवतात. पण केवळ हिरव्या-तांबड्या प्रकाशावरून साखर सांगणाऱ्या स्वस्त घड्याळावर विसंबून कोणी इन्सुलिनचे प्रमाण बदलले, तर जिवावर बेतू शकते.

याबाबत तामिळनाडूचाच एक साधा धडा घेण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील सरकारने 'मक्कळै तेडि मरुत्तुवम', म्हणजे लोकांना शोधत येणारे औषधोपचार, ही योजना सुरू केली. स्वयंसेविका घरी येतात, रक्तदाब आणि साखर तपासतात, गोळ्या देतात. त्यांच्या पिशवीत असते ते साधे यंत्र आणि टोचायची सुई. दिसायला जुनाट, पण आकडा खरा देणारे.

छातीत कळ येते तेव्हा

आता सर्वांत गंभीर मुद्दा. समजा, मुलगा चेन्नईत नोकरीला आहे आणि वडील सांगलीला. मुलाने दिवाळीला वडिलांना घड्याळ दिले आहे. एके रात्री वडिलांना छातीत जड वाटते, डावा हात भरून येतो, घाम सुटतो. ते फोन करतात. मुलगा घाबरून विचारतो, "बाबा, घड्याळ काय दाखवतंय?" वडील उत्तर देतात, "अरे, ठोके बहात्तर आहेत. सगळं ठीक दाखवतंय. पित्त झालं असेल. सकाळी बघू."

हे संभाषण कोणत्याही घरात होऊ शकते आणि त्यातला "सकाळी बघू" हा शब्द सर्वांत महाग पडू शकतो. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद होणे. तेव्हा ठोके ७२ असू शकतात आणि लयही नियमित असू शकते. महागड्या घड्याळांत मुकुटावर बोट ठेवून हृदयाची नोंद काढता येते. ती लय बिघडली आहे का, एवढेच सांगण्यासाठी आहे. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे अॅपल कंपनी स्वतःच आपल्या सूचनांत लिहिते. घड्याळ हृदयाकडे एकाच बाजूने पाहते. दवाखान्यातील ईसीजी बारा बाजूंनी पाहतो.

या बारा बाजूंच्या ईसीजीने काय साधते, हेही तामिळनाडूतच दिसून आले आहे. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनचे डॉ. अजित मुल्लासरी आणि कोइंबतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर यांनी लहान गावांतील रुग्णालये मोठ्या हृदयरुग्णालयांशी जोडण्याचा प्रयोग केला. लहान ठिकाणी लगेच ईसीजी काढायचा, तो मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाला पाठवायचा, उपचार सुरू करायचे आणि रुग्णाला पुढे न्यायचे. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही व्यवस्था येण्याआधी वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण १७.६ टक्के होते, ते नंतर १४.२ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये तेथील सरकारने 'इदयम काप्पोम' म्हणजे 'हृदय वाचवू या' ही योजना काढून, छातीत दुखत असलेल्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातच तातडीच्या गोळ्यांचा पहिला डोस देण्याची सोय केली. या साऱ्याचा अर्थ एकच, वेळ वाचला तर जीव वाचतो. मनगटाकडे पाहत बसणे म्हणजे तोच वेळ घालवणे. छातीत कळ, घाम, जबड्यात किंवा हातात दुखणे, अचानक दम लागणे, यांपैकी काही झाले तर घड्याळ काहीही म्हणो, १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा सोबत कोणाला घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

काळजीचेही दुखणे होते

घड्याळ जसे खोटा दिलासा देते, तसा खोटा घोरही लावते. सकाळी माणूस ताजातवाना उठतो, घड्याळ म्हणते "झोप अपुरी", आणि त्याला खरोखरच मरगळ वाटू लागते. झोपेचे आकडे चांगले यावेत या ध्यासाने झोप उडालेल्या रुग्णांचे वर्णन अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१७ मध्ये केले आणि त्या विकाराला स्वतंत्र नावही दिले. घड्याळ मेंदूत डोकावत नाही. हात किती हलला आणि ठोके किती मंदावले, यावरून ते गाढ झोपेचा अंदाज बांधते. झोप झाली की नाही, हे सकाळी उठल्यावर आपले अंगच अधिक नीट सांगते. ज्यांचा स्वभाव मुळात काळजीखोर आहे, त्यांनी दर तासाला आकडे पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाहावेत.

आणखी एक गोष्ट. ही माहिती मनगटावर राहत नाही, ती फोनमधून कंपनीच्या संगणकात जाते. आपण कधी झोपतो, कोणत्या रस्त्याने फिरतो, हृदय कसे चालते, हे सारे. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. तरीही अॅप जी जी परवानगी मागेल ती डोळे मिटून देऊ नये.

घ्यायचे तर कसे घ्यावे?

ज्यांना घड्याळ घ्यायचे आहे त्यांनी काही गोष्टी पाहाव्यात:

- चालणे आणि ठोके एवढाच उपयोग असेल तर मध्यम किमतीचे घड्याळ पुरते. हृदयाच्या लयीचा त्रास आधीपासून असेल, तर कोणते घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.
- "साखर मोजते" अशी जाहिरात असलेले घड्याळ घेऊ नये.
- वृद्धांसाठी अंक मोठे दिसणारे आणि पडल्यावर घरच्यांना फोन लावणारे घड्याळ उपयोगी. ते चार्ज करण्याचे काम कोणाचे, हे मात्र आधीच ठरवावे.
- घरात उच्च रक्तदाबाचा रुग्ण असेल तर आधी दंडाला बांधायचे यंत्र घ्यावे, घड्याळ नंतर.
- एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याभराचा कल पाहावा. विश्रांतीतील ठोके आठवडाभर नेहमीपेक्षा बरेच जास्त राहिले, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी.

चेन्नईतच या उपकरणांवर गंभीर कामही चालू आहे. आयआयटी मद्रासच्या आवारातून म्यूज वेअरेबल्ससारखी घड्याळे बनवणारी कंपनी उभी राहिली. तेथील आरोग्य तंत्रज्ञान केंद्राने २०२० मध्ये कोविडच्या काळात बोटाला लावायचे एक उपकरण तयार करण्यात भाग घेतला. रुग्णाचे तापमान, प्राणवायू आणि ठोके दूर बसलेल्या डॉक्टरला कळावेत, हा त्याचा हेतू. मोजलेला आकडा डॉक्टरपर्यंत पोहोचतो तेव्हाच त्याचा खरा उपयोग होतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

घरच्या घड्याळालाही हाच न्याय लावावा. त्याने चालायला लावले तर चालावे, त्याने इशारा दिला तर तपासून घ्यावे. पण त्याने "सर्व ठीक" म्हटले म्हणून अंगाची तक्रार दाबू नये. आणि दूर राहणाऱ्या मुलाने रात्री फोनवर वडिलांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, "बाबा, तुम्हाला काय होतंय?" उत्तर ऐकल्यावर घड्याळाविषयी विचारण्याची बहुधा गरजच उरणार नाही.